बांधून आणलेलं औरंगाबाद

औरंगाबादेत आमचं बिऱ्हाड गुलमंडी चौकाच्या मागच्या बोळात होतं. खिडकीतून जरा वाकलं की मिठाईवाल्यांच्या भट्ट्यांचा धूर दिसायचा. त्या घरात आईच्या तरुणपणाची सगळी वर्षं गेली, आम्ही दोघं भावंडं तिथूनच शाळेत गेलो, पण त्या चौकातल्या एकाही हॉटेलात आई कधी बसली नाही. साठ-सत्तर सालांतली गोष्ट. बायका हॉटेलात बसत नसत, आणि शाळामास्तरांच्या बायका तर नाहीच नाही.

म्हणून नाना, म्हणजे आमचे वडील, सगळं गाव बांधून घरी आणायचे. शाळा सुटली की सायकलच्या हँडलला पिशवी लटकवून ते चौकातून फेरी मारत. दिवाळी सरून अंगावर चादर घ्यावीशी वाटायला लागली की त्या पिशवीचं वजन वाढायचं. इमरती, मिरचीची भजी, दौलताबादकडची सीताफळं. पुडे उर्दू वर्तमानपत्राचे असत. नाना लहानपणी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, पण डोळ्यांना लागलेलं ते वळण राहिलं. भजी संपली की तेलानं आरपार झालेला कागद ते दिव्यासमोर धरायचे आणि त्यातली बातमी मराठी करून वाचायचे. "वजीरसाहेबांनी फर्मावलं की..." आणि नेमका तिथं कागद फाटलेला असायचा. पुढं काय फर्मावलं ते मी आणि दादा आपापल्या मनानं पुरं करायचो. आई हसत हसत ऐकायची आणि आमचं झाल्यावर उरलेली भजी खायची. गार झालेली.

नाना जाऊन आता दोन वर्षं होत आली. आई नाशिकला एकटी राहते, मी कोल्हापूरला, दादा पुण्याला. नाना गेल्यापासून आईचं खाणं कमी होत गेलं. फोनवर विचारलं की म्हणायची, "खाल्लं की." काय खाल्लं, तर चहा आणि पाव. "एकटीसाठी कुठं कुकर लावायचा?" तिचे ब्लाऊज खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, आजार काही नाही, जेवायला घाला.

या दिवाळीत मी नाशिकला जाऊन तिच्या आवडीचं सगळं केलं. ती प्रत्येक पदार्थाला "छान झालंय" म्हणायची आणि ताट सरकवायची. भाऊबीजेच्या दिवशी माझा धीर संपला. मी म्हटलं, "तुला खावंसं वाटतं तरी काय? एक काहीतरी सांग."

तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "कलिया."

"नान-कलिया? औरंगाबादचा? तू कधी खाल्लास?"

"नाय ना. म्हणून तर."

जे तिकडं गेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कलिया म्हणजे बकऱ्याच्या मटणाचा पातळ रस्सा, आणि नान म्हणजे तंदूरमध्ये भाजलेली जाड, मऊ, वरून पिवळसर चकाकणारी रोटी. हॉटेलात मिळणाऱ्या पंजाबी नानशी तिचं नातं फक्त नावापुरतं. मुहम्मद तुघलक दिल्लीहून दौलताबादला आला तेव्हा त्याच्या लष्करासाठी हे जेवण शिजायचं असं गावातली माणसं सांगतात. नानांचा जीव त्या कलियावर होता. पण तो पुड्यात बांधून आणता येत नाही. एकदा त्यांनी घट्ट झाकणाचा डबा नेला होता. येताना सायकल खड्ड्यात गेली, झाकण उडालं आणि सगळा रस्सा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडला. आईनं तो पायजमा कितीदा धुतला असेल, पण डाग निघाला नाही. कलियाशी तिची ओळख एवढीच.

बजाजनगर

थंडी पडल्यावर आम्ही औरंगाबादला निघालो तेव्हा दादानं फोनवर बरंच सुनावलं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, कशाला हा उपद्व्याप? आई शेजारी बसून ऐकत होती. ती मला म्हणाली, "त्याला सांग, बसमधी बसायला गुडघे लागत नाय."

बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं होतं. आईनं कंडक्टरकडं "दोन औरंगाबाद" मागितली. त्यानं तिकिटं दिली, दोघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

उतरलो ते आईच्या भाच्याकडं, बाळूकडं. आईचं माहेर कन्नडजवळच्या एका खेड्यातलं. घरची शेती अजून आहे, पण बाळू तरुणपणीच वाळूजच्या कारखान्यात लागला आणि बजाजनगरात घर बांधून राहिला. आमच्या वेळी हे गाव नव्हतंच. आता तिथं गल्ल्या, शाळा, देवळं, दवाखाने, आणि पाळी सुटली की मोटारसायकलींची रांग. बाळूची बायको सुनीता दारातच भाकरतुकडा घेऊन उभी होती. तो ओवाळून टाकत म्हणाली, "आत्याबाई, किती वाळल्या हो!"

"वाळले नाय, हलकी झाले," आई म्हणाली.

रात्री बाळूनं बेत आखायला घेतला. "आत्या, उद्या तुला मोठ्या हॉटेलात नेतो. एसी हाय, गादीच्या खुर्च्या हायेत."

"एसी कशाला? बाहेर थंडी काय कमी हाय का? मला गुलमंडीला जायचंय. इमरती खायला."

"मी आणतो की बांधून!"

आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं आपला बेत तिथंच गुंडाळला.

गुलमंडी

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी शेअर रिक्षानं निघालो. छावणीतून पुढं जाताना रस्त्याकडेला स्वेटरवाल्यांनी दोऱ्या बांधून रंगीत माल टांगलेला होता. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. माझ्या लहानपणी याच दिवसांत नाना आमचे जुने स्वेटर पत्र्याच्या पेटीतून काढून उन्हात टाकायचे आणि डांबराच्या गोळ्यांचा वास दिवसभर अंगाला राहायचा.

गुलमंडीत उतरल्यावर मला काहीच ओळखू येईना. पाट्या, तारा, गाड्या. आमचं घर पाडून तिथं दुकानांची इमारत झालेली आहे. खाली मोबाईलची कव्हरं टांगलेली. आईनं वर बघितलं, बोटानं हवेतच एक चौकोन दाखवला. "खिडकी इथं होती," एवढंच म्हणाली आणि पुढं चालू लागली. मला तिथं थोडं थांबायचं होतं. तिला नव्हतं.

इमरतीचं दुकान मात्र तिनंच शोधलं. नाकानं शोधलं म्हणा ना. मोठ्या पसरट कढईसमोर एक माणूस मांडी घालून बसला होता. भोकाच्या फडक्यात उडदाचं पीठ घेऊन तो तुपात आधी एक गोल काढायचा आणि मग त्या गोलावर भराभर पाकळ्या. आई कढईच्या इतकी जवळ गेली की त्यानं हात थांबवला. "मावशी, तूप उडेल."

"उडू द्या. मी बघू राहिले."

कागदाच्या द्रोणात गरम इमरती आली. आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, इकडंतिकडं पाहिलं, आणि भर रस्त्यात उभ्यानं पहिला तुकडा तोडला. कट्‌ असा आवाज झाला. ती चमकून माझ्याकडं बघायला लागली.

"कडक असती व्हय ही?"

"गरम आहे तोवर."

"आपल्याकडं यायची ती मऊ पडलेली असायची. मी समजायचे, ती तशीच असती." तिनं दुसरा तुकडा तोडला, पुन्हा तो आवाज ऐकला. "यांनी कधी सांगितलं नाय बघ."

तिनं ती इमरती पूर्ण खाल्ली. पाक मनगटावरून ओघळून स्वेटरच्या बाहीत गेला. मग समोरच्या हॉटेलाकडं बोट दाखवून म्हणाली, "तिथं भजी करू राहिलेत." तिथंही बसलो. मिरचीची भजी आली, आईनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली. मी आनंदात होते. इतक्या दिवसांनी ती आपणहून काही मागत होती. तिसऱ्या प्लेटीलाही मी नको म्हटलं नाही.

त्याचं फळ दुसऱ्या दिवशी मिळालं. सकाळपासून तिचं पोट बिघडलं. कित्येक महिने चहा-पावावर राहिलेल्या पोटात तूप आणि तळण एकदम गेलेलं. सुनीतानं साखर-मिठाचं पाणी करून दिलं, बाळूनं गल्लीतल्या डॉक्टरांना आणलं. दुपारपर्यंत उतार पडला, पण ती भिंतीकडं तोंड करून निजून राहिली. दादाचा फोन आला. मी खरं ते सांगितलं आणि त्यानं अपेक्षेप्रमाणे म्हटलं, "उद्याच्या उद्या घेऊन ये तिला."

मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पिशवी भरायला घेतली. सुनीतानं मऊ भात आणला होता तो आईनं हातही न लावता परत पाठवला. मी म्हटलं, "आई, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. पुन्हा कधीतरी येऊ आपण."

ती भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, "पुन्हा कधी?"

मी साड्यांच्या घड्या करत राहिले.

"एक दिवस थांब," ती म्हणाली. "तो भात आण इकडं."

तिनं उठून बसून तो भात खाल्ला. गोडी लागली म्हणून नाही, अंगात बळ यावं म्हणून. औषध घेतल्यासारखा, एकेक घास मोजून-मापून. मी पिशवीतले कपडे पुन्हा बाहेर काढले.

शहागंज

चौथ्या दिवशी बाळूनं रजा टाकली आणि स्वतः रिक्षा ठरवून आम्हाला नेलं. शहागंजच्या पलीकडं एका गल्लीत ते हॉटेल होतं. नाना जायचे ते हेच की दुसरं, कोण सांगणार? दर्शनी भागात तंदूर, त्याच्या तोंडाशी नान-रोट्यांची चळत, आत लांबच लांब बाकं. सगळ्या बाकांवर पुरुष. कुणी हमालीवरून आलेले, कुणी दुकानदार, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले. तंदूरची धग रस्त्यापर्यंत येत होती आणि त्या थंड हवेत ती फार बरी वाटत होती.

गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा बसले होते. आम्हाला बघून ते उठले. "आओ अम्मा. फॅमिली ऊपर है." त्यांनी बोट केलं तिकडं एक लोखंडी जिना होता, शिडीसारखा उभा.

मी आईचा हात धरला. तिनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, गुडघ्यातून कळ आली असावी, तिनं ओठ चावला. बाळू म्हणाला, "आत्या, उचलून नेऊ का? नाय तर इथंच रिक्षात बसून खा, मी ताट आणतो."

आईनं पाऊल खाली घेतलं. जिन्याकडं बघितलं, मग खालच्या बाकांकडं. आणि मग मी तिच्या तोंडून जन्मात कधी न ऐकलेली भाषा ऐकली. "ऊपर क्या है, भाईजान?"

"कुर्सी है, पंखा है, परदा है."

"पंखा नक्को, परदा भी नक्को. घुटने दुखते मेरे. मैं इधरच बैठती."

ही दख्खनी ती बांगडीवाल्यांशी, भाजीवाल्यांशी घासाघीस करताना शिकली असणार. इतकी वर्षं ती कुठं ठेवली होती कोण जाणे. चाचा क्षणभर गडबडले. बाकावरचे लोक जेवता जेवता थांबले होते. मला वाटलं आता नाही म्हणतील, आणि आई इथून परत फिरली तर पुन्हा जेवणार नाही.

चाचांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "हौ, बैठो ना अम्मा. कायकू नहीं?" आणि बाकाकडं वळून आवाज दिला, "सरको रे थोडा!"

अख्खं बाक एका बाजूला सरकलं. भिंतीकडची जागा आईला मिळाली, शेजारी मी, समोर बाळू. आई बसली. पदर नीट केला. दोन्ही हात टेबलावर ठेवून ती आजूबाजूला बघू लागली. भिंतीवरचा आरसा, पाण्याचे स्टीलचे जग, तंदूरमध्ये आकडा घालून नान ओढणारा माणूस, सगळं बघून झालं.

"बकऱ्याचंच हाय ना?" तिनं बाळूला हळूच विचारलं. पलीकडच्या माणसानंच उत्तर दिलं, "बकरे का है अम्मा, बेफिकर खाओ."

वाट बघताना ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोलायला लागली. "एकदा निघालो होतो आम्ही. तुम्ही दोघं शेजारणीकडं होता. असंच थंडीचं. हे म्हणले, चल, कोण बघतंय, बसून खाऊ. मी हिरवं लुगडं नेसले. पार दारापर्यंत आलो. अन् आत बघते तर यांचे हेडमास्तर! नान बुडवून खाऊ राहिले होते, मिशीला रस्सा लागलेला."

"मग?"

"मग काय? मी जी फिरले ती घरी. हे मागून हाका मारत आले. लई हसलो आम्ही त्या रात्री. म्हणले, पुढच्या थंडीत येऊ. पुढच्या थंडीच्या आत बदली झाली."

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. त्या शेजारणीच्या घरी आम्ही त्या संध्याकाळी गोट्या खेळत असू. नाना आणि आई एकमेकांमागं बोळातून पळताहेत, हसताहेत, हे चित्र मी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. मला ते नेहमी आई-वडील म्हणूनच दिसत आले होते.

कलिया आला. आमच्या कोल्हापुरात रस्सा लांबूनच लाल रंगानं दम देतो. हा तसा नाही. पिवळसर तपकिरी, शांत, वर तेलाचे बारीक डोळे. आई त्याच्याकडं बघत राहिली.

"हाच रंग," ती म्हणाली. "पायजम्याचा."

बाळूला त्यातलं काही कळलं नाही. मी तोंड फिरवलं.

पलीकडच्या माणसानं दाखवलं तसं तिनं नान तोडली, रश्श्यात दाबून भिजवली आणि घास घेतला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत होतो. चाचाही गल्ल्यावरून बघत होते. तिनं सावकाश चावलं. दुसरा घास घेतला. तिसरा. कपाळाला आठ्या पडल्या.

"काय झालं? तिखट आहे का?" मी विचारलं.

"नाय." तिनं अजून एक घास खाऊन खात्री केली. मग माझ्या कानाशी वाकली. "चांगला हाय. पण मी मनात याच्यापरीस चांगला केला होता."

आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. नाना गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. बाळू हसायला लागला, मग मीही. बाकावरच्या लोकांना कारण कळलं नाही तरी तेही हसले. चाचा उठून आले. "क्या हुआ अम्मा? पसंद नहीं आया?"

"आया, भाईजान, आया," आई डोळे पुसत म्हणाली. "नमक जरा कम है. और नान एक नंबर. और एक नान लाओ."

चाचांनी स्वतःच्या हातानं तंदूरमधून निघालेली नान आणून दिली. आईनं ती रश्श्याबरोबर संपवली आणि वाटीच्या तळाशी राहिलेलं बोटानं पुसून घेतलं. मी तिला अडवलं नाही. या वेळी पोटाचं काही होणार नाही असं मला कुठल्याही आधाराशिवाय वाटत होतं, आणि तसं काही झालंही नाही.

पुन्हा बजाजनगर

निघायच्या दिवशी सकाळी मला जाग आली तर आईचं अंथरूण रिकामं. घडी घातलेली गोधडी, उशीवर तिची कानटोपी. सुनीता ओट्याशी होती. तिला वाटलं आई माझ्यापाशी निजलीय. बाळू पहिल्या पाळीला गेलेला. दार नुसतं लोटलेलं.

मी चप्पल घालून तशीच बाहेर पळाले. बाहेर धुकं होतं. रात्रपाळी सुटलेली, मोटारसायकलींचे दिवे धुक्यातून पिवळे पिवळे येत होते. मी कोपऱ्यावरच्या देवळात पाहिलं, दूधवाल्याला विचारलं. तिला पत्ता सांगता येईल का, इथं सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात, फोन तर तिनं नेलाच नव्हता. जसजसा रस्ता मोठा होत गेला तसतशी मी आणखी जोरात पळायला लागले.

मोठ्या रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधलेली एक गाडी होती. वाफ निघत होती आणि भोवती कामगारांची गर्दी. त्या गर्दीत प्लास्टिकच्या खुर्चीवर आई बसलेली. डोक्यावरून शाल, मांडीवर ताटली, आणि गाडीमागच्या बाईशी गप्पा रंगलेल्या.

मी जवळ गेले तेव्हा ती बाई सांगत होती, "आमचं पाचोडाकडं गाव. मालक मेंढरं घेऊन भायेर असत्यात. मी हिकडं पोरीपाशी आले अन् ही गाडी टाकली. पाळी सुटली की लेकरं उपाशी येत्यात. पोह्यानं काय व्हतंय थंडीत?"

"खरं हाय," आई म्हणाली. "लसूण तुम्ही ठेचून घालता ना? चिरून नाय?"

"ठेचूनच. चिरला की नुसता दिसतो, लागत नाय."

ताटलीत शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाची बोटाएवढी वळकटी करून गोल वळवायची आणि लसणाच्या फोडणीच्या रश्श्यात शिजवायची, हे आमचं मराठवाड्याचं थंडीचं जेवण. आई ते दर थंडीत करायची. नाना गेल्यावर तिनं हुलग्याचं पीठ घरात आणलेलं नव्हतं. आता तिच्या ताटलीत नुसता रश्श्याचा ओघळ उरला होता.

मी ओरडलेच. "आई, तू सांगून तरी जायचंस! मी किती..."

"वास आला," ती म्हणाली. जसं काही यापेक्षा मोठं कारण असूच शकत नाही. "तू गाढ निजलेली. म्हटलं, कशाला उठवायचं?"

"एकटी आलीस?"

"एकटीच तर आले. या रस्त्यानं सरळ. ह्या कौसाबाई. ही माझी लेक, कोल्हापूरची."

कौसाबाईंनी मान हलवली आणि पुढच्याची ताटली भरायला घेतली. एका कामगारानं डबा पायाखाली सरकवून मला स्टूल दिलं. मी बसले. धावल्यामुळं दम लागला होता आणि धुक्यानं केस ओले झाले होते. आईनं शालीचं टोक पुढं करून माझं कपाळ पुसलं.

जन्मभर तिनं आम्हाला एकच विचारलेलं होतं, काय करू? सकाळी काय करू, डब्याला काय करू, पाहुण्यांना काय करू. त्या दिवशी ती खुर्चीत नीट टेकून बसली, गाडीवरची पातेली एकदा नजरेखालून घातली आणि म्हणाली, "शेंगोळे हायेत, बाजरीची भाकर हाय, ठेचा हाय. काय मागवू तुला?"

मी शेंगोळे सांगितले. तिनं हात वर करून कौसाबाईंना आवाज दिला, "एक हिला. अन् अर्धे मला अजून."

आम्हाला परत येऊन आता महिना होत आला. मी कोल्हापूरला आले, आई नाशिकला. सुरुवातीला दादाचा फोन यायचा की आई कशी आहे. हल्ली तो चिडलेला असतो. संध्याकाळी फोन केला तर आई उचलतच नाही म्हणतो. शेजाऱ्यांना विचारलं तर घराला कुलूप.

परवा मीच संध्याकाळी फोन लावला. बऱ्याच वेळानं तिनं उचलला. मागं भांड्यांचा खणखणाट होता, कुणीतरी मोठ्यानं "कोपऱ्यावरच्या मावशींना तर्री वेगळी" असं ओरडत होतं.

"आई, कुठं आहेस तू?"

"ठेव फोन," आई म्हणाली. "माझी मिसळ आली."